पाटा राहिला, वरवंटा निघाला

मी वरवंटा बोलतोय. काळ्या दगडाचा, दोन्ही हातांनी धरावा लागणारा. यहूदा देशाच्या डोंगरात बायका गहू पाट्यावर रगडून पीठ काढतात, तिथला मी. आणि आधीच सांगून ठेवतो, मला साम्राज्यांचा भयंकर वीट आलाय.

लोक म्हणतात, अश्शूरचा राजा थोर, मिसरचा त्याहून थोर. असतील बापडे! मला त्यांची तोंडं कधी दिसली नाहीत, फक्त पोटं दिसली. अश्शूरचे शिपाई आले, "पीठ आण." मिसरचे आले, "लवकर आण." त्यातला एकजण तर पीठ जाडंभरडं म्हणून नाक मुरडून गेला. फुकटचं खायचं आणि वर हा नखरा!

मग लांब पूर्वेकडून बाबेलचे आले. त्यांनी पीठ मागितलं नाही, माणसंच मागितली. आमच्या घरात दोन जावा, थोरली हग्ला आणि धाकटी अखसा. माझ्यावरून दोघींचं रोज वाजायचं. शिपायांनी धडधाकट तेवढी माणसं निवडली. अखसा पायानं अधू, तिला सोडलं. हातात मावेल ते घ्या, म्हणाले. कोणी घोंगडी घेतली, कोणी तेलाचा बुधला. हग्लानं काय उचलावं? मला!

"अहो जाऊबाई, पाटा इथे, वरवंटा तुमच्याकडे. मी दळू कशानं?"

"दळूच नकोस. पाटा माझा आहे. कापणीपर्यंत येतेच मी परत. तोवर कोणी हात लावायचा नाही."

कापणी म्हणे! बाबेलला पोचेपर्यंत तिचे तळवे फाटले. तिकडे सगळा चिखलाचा कारभार. घरं चिखलाची, पत्रंसुद्धा चिखलाची. दगड दिसला की माणसं वळून बघायची. एकानं मला चांगल्या मोलानं मागितलं. मी मनात म्हटलं, दे बाई, सुटलो. पण हग्लाचं एकच, "माझा पाटा वाट बघतोय." नवरा गेला, मुलगा कालव्याकाठी खजूर लावून बसला, नात झाली. तिचं नावही तिकडचंच, कश्शाया. मी मात्र परक्या पाट्यावर झिजत राहिलो.

मग आणखी पूर्वेकडच्या पारसी फौजेनं बाबेल जिंकलं. नवा राजा म्हणाला, ज्याला घरी जायचंय त्यानं जा. म्हातारी हग्ला ताडकन उठली.

"आजी, हा धोंडा तरी इथे ठेव," कश्शाया म्हणाली. "तिकडे काय दगडांची वाण आहे?"

"गप गं. उचल."

मला कोणी विचारलं? छे!

यहूदातलं आमचं घर अजून उभं होतं. दारात अखसा, पार वाकलेली. हग्ला तिच्याकडे न बघता आत शिरली आणि मला पाट्यावर ठेवलं. मी खडखडलो. पाट्याच्या पोटात खोल खड्डा पडलेला, मी झिजून सपाट झालेलो. आमचं बसेचना. रगडलं तर नुसती कच निघाली.

"ही जागा माझी आहे," हग्ला म्हणाली. "आता आम्ही जायचं कुठे?"

अखसानं कोपऱ्यातला एक गोल गोटा उचलला. "तुम्ही गेलात, तो हिवाळा मी कच्चे गहू चावून काढला, जाऊबाई. दात तेव्हाच गेले. मग रांगत ओढ्यात उतरले आणि हा आणला." मग म्हणाली, "एवढं ओझं न्यायचंच होतं, तर मला न्यायचं होतंत. लंगडी असले तरी ह्या धोंड्याहून गुणाची होते."

बाबेलपासून जिचं तोंड मिटलं नव्हतं, ती हग्ला भुईवर बसली. बाहेर वारा सुटला, दार आपटू लागलं. अखसानं कण्हत मला उचललं आणि दार उघडं राहील असं टेकवलं.

"बाहेर काय उभी राहतेस पोरी?" ती कश्शायाला म्हणाली. "आत ये. आजीचे पाय चेप."

तेव्हापासून मी दाराशी. आत दोघी म्हाताऱ्या दिवसभर भांडतात, कश्शाया त्या गोट्यानं दळते. काल एक पारसी माणूस राजासाठी पीठ मागायला आला आणि मला ठेचकाळला. बरं वाटलं.

पुढेही कोणी राजे येतील, येऊ देत. मला हात जोडता येत नाहीत, म्हणून नुसतं सांगतो. घर सोडायची वेळ आली, तर आधी घरातलं माणूस उचला. मला इथेच असू द्या. दार उघडं धरायला कोणीतरी हवंच.