सहा अक्षरांची सावळी

मी घरगुती उपकरणांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहिते. 'यंत्र चालू होत नसल्यास प्रथम बटण दाबले आहे का ते पाहावे' हे वाक्य माझं आहे. ते आजवर काही लाख घरांत पोचलं असेल आणि एकानेही वाचलं नसेल. त्यामुळे आईने बाबांच्या मोटरसायकलवरचं जुनं जीपीएस माझ्या पुढ्यात ठेवलं आणि हे चालू करून दे म्हणाली, तेव्हा मी सवयीने आधी बटण दाबलं. ते आत गेलं आणि बाहेर यायचं विसरलं.

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानं, दवाखाने, गोदामं, जिथे म्हणून काटा खोटं बोलायला लागे तिथे ते मोटरसायकलवरून जायचे. लोक त्यांना काटेवाले म्हणत. अर्ध्या ग्रॅमची चूक त्यांना लांबून दिसे, पण पत्ते म्हणून लक्षात राहत नसत. जमीन मोजणाऱ्या एका मित्राने नवं यंत्र घेतलं, तेव्हा त्याचं जुनं बाबांनी मागून आणलं आणि हँडलवर बसवलं. साबणाच्या वडीएवढं, राखाडी, हिरवट पडद्याचं. त्यात नकाशा नव्हता, आवाज नव्हता. एक बाण होता. तुमचं ठिकाण तिकडे, इतकं दूर, एवढंच तो सांगे. मध्ये नदी आहे की कुणाचं स्वयंपाकघर, ते ज्याचं त्याने बघून घ्यावं. एकदा बाबा या बाणाच्या मागे मागे थेट एका मैदानात शिरले. तिथे सामना चालू होता. पंच समजून दोन्ही संघ त्यांच्याशी भांडले, आणि बाबांनी मुकाट्याने एकाला बाद दिलं.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मोटरसायकल आता मी चालवते. यंत्र त्यांच्या हेल्मेटच्या पिशवीत तळाशी सापडलं होतं.

कशाला हवंय, असं मी विचारलं. आई आधीच घडी घातलेल्या टॉवेलची पुन्हा घडी घालत होती.

"यात एक सावळी आहे," ती म्हणाली. "कुठे राहते ते मला बघायचंय."

मग तिने सांगितलं. मी सहा वर्षांची असताना एका सकाळी ती मोटरसायकल पुसत होती. फडक्याखाली यंत्राचं बटण दाबलं गेलं आणि ठिकाणांची यादी उघडली. त्यात नावं इंग्रजी लिपीत लिहावी लागत, आणि तीही सहाच अक्षरांत. GHAR होतं. DAVA1, DAVA2 हे दवाखाने होते. आणि सगळ्यांत खाली, SAVALI. आई गोरी आहे. तिच्या दृष्टीने एवढा पुरावा पुरेसा होता.

"बाबांना विचारलं नाहीस?"

"काय विचारणार? नाही म्हणाले असते तर खोटं वाटलं असतं. हो म्हणाले असते तर खरं."

इंग्रजी लिपी ल आणि ळ एकाच अक्षरावर भागवते, तेव्हा ती सावली असू शकते, असं मी व्यावसायिक मत दिलं. आई म्हणाली, सावलीचं ठिकाण कुणी लिहून ठेवतं का? सावली काय एका जागी बसून राहते? पुस्तिकांत असा प्रश्न आला की आम्ही 'अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा' असं लिहून सुटतो.

आमचं अधिकृत सेवा केंद्र म्हणजे गल्लीच्या टोकाचे घड्याळजीकाका. बाबांचे दोस्त. त्यांच्या एका डोळ्याला कायम भिंग असतं, त्यामुळे ते कुणाकडेही बघतात तेव्हा एका डोळ्याने फार आपुलकी वाटते. त्यांनी झाकण उघडलं. आत सेल फुटून सगळीकडे हिरवट-पांढरी खपली धरली होती. दोन दिवस त्यांनी व्हिनेगर आणि कापसाने ती खरवडली. बटणांचं रबर विरघळून गुळासारखं झालं होतं, ते काढून जुन्या कॅल्क्युलेटरचं बसवलं. आता चालू करायच्या आणि नोंद ठेवायच्या बटणावर बरोबरचं चिन्ह आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. यंत्रातली नावं बोटाच्या पेराएवढ्या एका सेलवर जगतात, आणि तो सेल आता संपत आलाय, असं त्यांनी समजावलं. नुसता काढला तर नावं पुसली जातील. नाही काढला तरी आठवड्याभरात जातील. एकच उपाय होता. दुसऱ्या सेलची वायर शेजारी टेकवून धरायची आणि ती सुटायच्या आत सेल बदलायचा. काकांचे दोन्ही हात सोल्डरिंगमध्ये अडकणार होते. मी वस्तू पाडण्याबद्दल घरात प्रसिद्ध आहे.

"वहिनी, हा चिमटा धरा," काका म्हणाले. "शिंकायचं नाही."

आईने अकरा मिनिटं चिमटा धरला. हात जरासा हलला असता तर सावळी कायमची गेली असती, कुणी काही म्हणालंही नसतं, आणि हे आईला आमच्या दोघांपेक्षा जास्त माहीत होतं. हात हलला नाही.

पडदा उजळला. गच्चीवर ठेवल्यावर यंत्राने चाळीस मिनिटं आभाळ चाचपलं आणि मग ठामपणे तारीख दाखवली. ती साडेएकोणीस वर्षं जुनी होती.

काकांना याचं काही वाटलं नाही. उपग्रह आठवडे मोजतात, ते म्हणाले, पण एक हजार चोवीस झाले की पुन्हा शून्यापासून सुरू करतात. नव्या यंत्रांना हे ठाऊक असतं. जुनी बिचारी तेवढी मागे जातात. वेळ बरोबर, वार बरोबर, फक्त वर्ष त्यांचं त्यांचं.

"चुकीची तारीख म्हणू नकोस," ते म्हणाले. "जुनी म्हण."

म्हणजे यंत्राच्या मते मी सहा वर्षांची होते आणि मोटरसायकल चालवायला मला बंदी होती. मी ते आईला सांगितलं नाही.

गुरुवारी निघालो. आई मागे बसली होती, मांडीवर डबा, आणि नवी साडी. बाण एका बँकेतून जात होता, आम्ही वळसा घातला. मग एका रुग्णालयातून. मग नव्या उड्डाणपुलावर चढलो, तेव्हा यंत्र गोंधळून गप्पच झालं, बहुधा त्याच्या काळात तिथे हवा होती म्हणून. शेवटी गोदामांच्या मागच्या गल्लीत बाण फिरायचा थांबला.

समोर पाण्याची जुनी टाकी, चार खांबांवर. पुढ्यात दोन विटांवर ठेवलेली एक फरशी. बाकी कुंपणाची भिंत. आई घर शोधत होती. घर नव्हतं. दार तरी असायला हवं, ती पुटपुटली. दारही नव्हतं. एक मांजर होतं, तेही पांढरं.

"इथे कुणीच राहत नाही," मी म्हणाले. "सावलीच आहे ती."

"कुठाय सावली?"

फरशीवर रणरणतं ऊन होतं. सव्वा वाजला होता. एवढ्या लांब येऊन हात हलवत जायचं नाही म्हणून आम्ही खांबाला टेकलो. आईने डबा उघडला, पण जेवेना. तिचं लक्ष जमिनीवर होतं. टाकीची सावली आमच्या पायांपासून निघून फरशीकडे सरकत होती, बाबा कुणाच्या घरी पाहुणे म्हणून जाताना चालत तशी, काही घाई नसल्यासारखी. आधी एक वीट झाकली गेली. मग अर्धी फरशी. मग पूर्ण.

आईने यंत्रात वाकून पाहिलं.

"पावणेदोन," ती म्हणाली.

बाबा घरी आले की ती रोज विचारायची, डबा कधी खाल्लात. ते रोज म्हणायचे, पावणेदोनला. ते पाठ करून ठेवलेलं उत्तर आहे, असं तिला साडेएकोणीस वर्षांपैकी सतरा वर्षं वाटत आलं होतं. उन्हाळ्यापावसाळ्यात सावली थोडी इकडेतिकडे होत असणारच. पण अर्ध्या ग्रॅमवर रात्र काढणारा माणूस फरशीही सरकवत असणार.

आई त्या फरशीवर जाऊन बसली. साडीचा विचार न करता.

"रोज भांडायचे मी तिच्याशी," ती म्हणाली. "मनातल्या मनात. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. हे गेल्यावर तर तिला एकदा सांगितलंसुद्धा, आता तूही एकटीच गं." तिने फरशीवरून हात फिरवला. "आता तीही गेली."

मी पोळीचा तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो खाल्ला. बाबांच्या जागी बसून, बाबांच्या वेळेला.

निघताना तिने विचारलं, यात आपली पण खूण ठेवता येते का. मी म्हटलं, येते, सहा अक्षरांत. काय लिहू?

"गोरी."

मी GORI लिहिलं आणि बरोबरचं चिन्ह दाबलं. यंत्राने नावाखाली आपली तारीख टाकली. यादीत SAVALI वर गेले, तर तिच्याखालीही तारीख होती, बाबांनी खूण केली त्या दिवसाची. ती यंत्राच्या आजच्या तारखेपेक्षा अकरा दिवस नंतरची होती.

मी आईला दाखवलं. यंत्राच्या हिशेबाने ती आधी पोचली होती. बाबा यायला अजून अकरा दिवस होते.

आईने पडद्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. डब्याचं झाकण लावायला घेतलं होतं, ते उघडलं आणि उरलेली अर्धी पोळी फरशीच्या कडेला ठेवली.

मांजराने ती खाल्ली. आईने डब्याचं झाकण लावलं.