लंडनहून एकटी

बोट डब्लिनच्या बंदरातून बाहेर पडली न पडली तोच डेर्व्हलाला मागून हाक ऐकू आली. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून ती मुद्दाम खालच्या मजल्यावर, इंजिनाची घरघर ऐकू येते त्या कोपऱ्यात येऊन बसली होती.

"फिन्टनची बायको ना गं तू? जिन्यातच वाटलं मला, चालण्यावरून."

मिसेस गेराटी होत्या. डेर्व्हलाच्या किलब्रॅक गावात चर्चच्या फाटकासमोरचं घर त्यांचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा डेक्लन लंडनला बांधकामावर होता आणि वर्षातून एकदा त्या नातवंडांना भेटायला जायच्या. गावात एखादी गोष्ट घडायच्या आधीच मिसेस गेराटींना कळलेली असते, असं फिन्टन म्हणायचा.

"एकटीच निघालीस? या अवस्थेत?"

"मावसबहिणीचं लग्न आहे. फिन्टनला यायला जमलं नाही, सासूबाईंना कोण बघणार?"

"तेही खरंच. नोराला एकटं कसं सोडणार. बरं झालं मी भेटले." त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि ऐसपैस बसल्या. डबा उघडून हॅम घातलेला पाव तिच्यासमोर धरला. "खा. दोघांचं खायचंय तुला आता. पाचवा ना?"

"हो."

मिसेस गेराटींनी न विचारता तिच्या पोटावर हात ठेवला. गावातल्या सगळ्याच बायका ठेवायच्या. "लाथा मारतं का गं?"

"मारतं," डेर्व्हला म्हणाली. सकाळपासून ती जे जे बोलली होती त्यात एवढं एकच खरं होतं.

डब्लिनच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावरचं करडं चित्र बराच वेळ बघितलं होतं, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून आणलं होतं. डोक्याची कवटी तयारच झाली नव्हती. हृदय चांगलं होतं, हातपाय चांगले होते. दिवस पुरे भरतीलही, ते म्हणाले, पण बाहेर आल्यावर ते बाळ जगणार नाही. फार तर काही तास. "मग आता काय करायचं?" असं फिन्टनने विचारलं तेव्हा डॉक्टर टेबलावरच्या पेनाकडे बघत म्हणाले, की या देशात गर्भपाताला कायद्याने बंदी आहे, वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही. बाहेर व्हरांड्यात एका नर्सने डेर्व्हलाचा कोट तिच्या खांद्यावर नीट करताना हळूच लंडनच्या एका हॉस्पिटलचं नाव सांगितलं, आणि मागे वळूनही न बघता निघून गेली.

लग्नानंतर सहा वर्षांनी राहिलेलं मूल. दुकानात, रस्त्यात, आपल्या दुधाच्या गाडीवर चढताना फिन्टनला लोक थांबवून अभिनंदन करत होते. "बारसं कधी?" म्हणत होते. आणखी चार महिने या सगळ्यांना हसून उत्तरं देत फिरायचं, हे तिला झेपेना. जाताना काय सांगायचं ते दोघांनी ठरवलं. आल्यावर काय सांगायचं हा विषय कोणीच काढला नाही. फिन्टन तिला स्टेशनवर सोडायला आला तेव्हा गाडी हलेपर्यंत डब्याच्या दाराची मूठ धरून उभा होता.

होलीहेडच्या बंदरात उतरून पुढे आगगाडीतही मिसेस गेराटी शेजारीच बसल्या. सुनेचं करणं, डेक्लनची पाठदुखी, फादर टायनन यांचे लांबत चाललेले उपदेश, सगळं झालं. आपल्या तीन बाळंतपणांच्या गोष्टी झाल्या. "पहिल्या वेळी मी अशी घाबरले होते, म्हटलं हे काय मला जमायचं नाही. पण जमतं गं. एकदा तोंड बघितलं की सगळं विसरतो आपण." डेर्व्हला खिडकीबाहेर बघत मान हलवत राहिली.

लंडनच्या युस्टन स्टेशनवर डेक्लन आईला घ्यायला आला होता. "चल, हिलाही सोडू," मिसेस गेराटी म्हणाल्या. डेर्व्हलाने बहीण येतेय म्हणून सांगितलं. तर त्या हटून बसल्या, बहीण येईपर्यंत आम्ही थांबतो. शेवटी डेक्लनच्या गाडीवर पोलीस चिठ्ठी लावायला आला म्हणून मायलेक गेले. जाताना "परत कधी निघतेस?" असं विचारून घेतलं, आणि "अगंबाई, मीसुद्धा त्याच बोटीला" म्हणून खूश झाल्या. डेर्व्हलाला थाप मारायचं सुचलं नाही. थापा संपल्या होत्या.

मग ती एकटी चालू लागली. लंडन तिने पूर्वी पाहिलेलं नव्हतं. बसमध्ये चढली तर एक शाळकरी पोरगी ताडकन उठली आणि तिने जागा दिली. एका म्हाताऱ्याने बॅग उतरवून दिली. नाक्यावरच्या फळवाल्याने संत्रं हातावर ठेवलं आणि पोटाकडे बोट दाखवून "छोट्या साहेबांना" म्हणाला. एवढं मोठं परकं शहर, आणि ज्याला त्याला तिची काळजी. खानावळीच्या वरच्या खोलीत आल्यावर तिने ते संत्रं हात धुवायच्या बेसिनच्या कडेला ठेवलं. सोलायचा धीर झाला नाही.

खाली मालकीणबाईंनी विचारलं होतं, "एकट्याच का?" हॉस्पिटलात विचारलं, "तुमच्याबरोबर कोण आहे?" कागद भरणाऱ्या मुलीने विचारलं, भूल देणाऱ्याने विचारलं. कोणी नाही, कोणी नाही, ती सांगत राहिली. इव्हॉन नावाची एक धिप्पाड, सावळी नर्स होती, तिने मात्र विचारलं नाही. आयरिश बोलण्यावरूनच तिला कळलं. "तुमच्याकडच्या बायका एकट्याच येतात," ती म्हणाली. "मी आहे. माझी ड्यूटी संपली तरी मी जाणार नाही, मग तर झालं?" आणि खरंच ती गेली नाही.

मुलगी होती. इव्हॉनने तिला पुसून, विणलेली टोपी कपाळापर्यंत ओढून, दुपट्यात गुंडाळून आणली. टोपीखालचा चेहरा लहानसा, शहाणा होता. हनुवटी फिन्टनची. मिसेस गेराटी म्हणाल्या होत्या तसं तोंड बघून विसरायला काही झालं नाही. उलट जे जे होतं ते पक्कं झालं. डेर्व्हलाने तिची बोटं एकेक करून उलगडली आणि पुन्हा मिटली. खोलीत उन्हाचा पट्टा फिरत भिंतीपर्यंत गेला तरी कोणी घाई केली नाही.

मग एक बाई येऊन अगदी हळू आवाजात बोलली. मुलीला बरोबर न्यायचं का? नेता येतं, कागद लागतात, पेटी लागते, बोटीवर आधी सांगावं लागतं. डेर्व्हलाच्या डोळ्यांसमोर किलब्रॅकचं स्टेशन आलं, तिथला हमाल पॅडी, त्याच्या हातात ती पेटी. "नाही," ती म्हणाली. "इथेच ठेवा." हॉस्पिटलची दफनभूमीत जागा होती, अशाच मुलांसाठी. बरीच मुलं आहेत, ती बाई म्हणाली, एकटी नाही पडायची. हे ऐकून डेर्व्हलाला पहिल्यांदा रडू फुटलं, आणि इव्हॉनने तिला लहान पोरीसारखं छातीशी धरलं.

हॉस्पिटलच्या दारातल्या टेलिफोनवरून तिने घरी फोन लावला. फोन सासूबाईंच्या पलंगाशेजारी होता, त्यामुळे फिन्टनला बोलता येत नव्हतं.

"कशी काय हवा तिकडे?" त्याने विचारलं.

"मुलगी होती, फिन्टन."

"बरं."

"तुझी हनुवटी होती तिला."

 मग त्याने घसा खाकरला. "इकडे पाऊस आहे. आई विचारतेय लग्न कसं झालं म्हणून."

"छान झालं म्हणावं."

"छान झालं म्हणे, आई," असं तो फोनपासून तोंड बाजूला नेऊन म्हणाला, आणि फोन ठेवला नाही. दोघं तशीच एकमेकांचा श्वास ऐकत राहिली, नाणी संपेपर्यंत.

निघायच्या आदल्या दिवशी खोलीत बसवेना म्हणून ती बाहेर पडली. बागेत बाकावर बसली तर एक माणूस शेजारी येऊन टेकला. "एकट्याच फिरताय? लंडन दाखवू का?" ती उठली. तो थोडं अंतर मागे मागे आला, मग कंटाळला. एका दुकानात शिरून काचेत बघितलं तेव्हा कळलं, ब्लाउज पुढून भिजला होता. दूध आलं होतं. असं होईल हे इव्हॉनने सांगितलं होतं, घट्ट बांधून ठेवायला सांगितलं होतं. तरी डेर्व्हला त्या टोप्या-हातमोज्यांच्या दुकानात थिजून उभी राहिली. कोट गळ्यापर्यंत लावून तिने बस पकडली. बस भरलेली होती. दांडी धरून ती सगळा रस्ता उभी होती आणि तिच्याकडे कोणी वर मान करूनही पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत ती अगदी शेवटच्या डब्यात बसली. बोटीवर चढली तीही उतारूंच्या घोळक्याच्या आड. पण आत कोंदट वासाने तिला गरगरायला लागलं, बाहेर कठड्याशी यावं लागलं, आणि तिथे मिसेस गेराटी डोक्याला रुमाल बांधून हवा खात उभ्या होत्या.

त्या हसल्या, काही बोलायला गेल्या. मग त्यांची नजर खाली गेली. वाऱ्याने कोट अंगाला चिकटला होता.

"कधी गं?" त्यांनी विचारलं.

"गेल्यावर दुसऱ्याच दिवशी."

"अरे देवा. आणि तू एकटी. फोन नाही का करायचा पोरी, डेक्लन धावत आला असता. असं अचानक—"

"अचानक नाही, मिसेस गेराटी." का सांगितलं ते तिला नंतरही कळलं नाही. कदाचित त्या पोरी म्हणाल्या म्हणून. "लग्न नव्हतं कुणाचं. मी त्यासाठीच गेले होते." आणि मग डॉक्टरांनी काय सांगितलं, टोपी, दफनभूमी, घरी केलेला फोन, सगळं तिने समुद्राकडे बघत सांगून टाकलं.

मिसेस गेराटींनी ऐकून घेतलं. चेहरा दगडासारखा झाला होता. त्या वळल्या आणि आत निघून गेल्या. संपलं, डेर्व्हलाला वाटलं. रविवारपर्यंत फादर टायननना कळेल, आणि सोमवारी फिन्टनच्या दुधाच्या गाडीला कोणी हात करणार नाही.

दार उघडलं. मिसेस गेराटी दोन कप सावरत बाहेर आल्या. "साखर जास्त घातलीय. पी." स्वतःचा कप त्यांनी कठड्यावर ठेवला, पण उचलला नाही. "ऐक आता. युस्टनला उतरल्याबरोबर तुझ्या पोटात कळ आली. मी होते बरोबर. डेक्लनच्या गाडीतून तुला हॉस्पिटलात नेलं. त्यांनी सगळे उपाय केले, पण मूल राहिलं नाही. मी रोज डबा घेऊन येत होते. नोराला धक्का बसू नये म्हणून फोनवर लग्न छान झालं म्हणून सांगितलं. लक्षात राहील?"

"माझ्यासाठी खोटं नका बोलू."

"तुला विचारलंय का मी?" त्या जराशा खेकसूनच म्हणाल्या. "तुझ्याच्याने बोलवणार नाही. तुझं तोंड आरशासारखं आहे. तू नुसती रड. बाकीचं मी बघते."

आणि त्यांनी बघितलं. डेर्व्हला घरी पोचून अंथरुणाला पाठ टेकते तोवर गावभर झालं होतं. बायका सफरचंदाचे केक, सूप, उकडलेलं डुकराचं मांस घेऊन आल्या, भांडी घासून गेल्या. फादर टायनननी मुलीच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना केली. सासूबाईंनी अर्धांगातून वाचलेल्या आपल्या चांगल्या हाताने तिचं मनगट धरून ठेवलं आणि विचारलं, "नाव ठेवलं होतंस का गं?" नाव कोणालाच सांगितलं नव्हतं. "इटा," ती म्हणाली. त्या दिवसापासून सासूबाई रोजच्या जपमाळेत इटाचं नाव घेऊ लागल्या. फिन्टन गोठ्यात न लपता, चारचौघांत रडला. जे दुःख चोरून सोसावं लागणार होतं, ते मिसेस गेराटींमुळे उजेडात ठेवता आलं. त्या बोलल्या नसत्या तर आपण वेड्या झालो असतो, असं डेर्व्हलाला खात्रीने वाटायचं.

चर्चमध्ये जायला लागून बरेच रविवार झाले तेव्हा तिच्या ध्यानात आलं. प्रसाद घ्यायला सगळे रांगेने पुढे जायचे आणि मिसेस गेराटी बाकावरच बसून राहायच्या. कबूल न केलेलं पाप मनावर असेल तर प्रसाद घेता येत नाही, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. आधी वाटलं गुडघे दुखत असतील. पण चर्चच्या पायऱ्या तर त्या झपाझप उतरत होत्या. बायकांमध्येही कुजबुज सुरू झाली होती.

एका दुपारी ती त्यांच्या घरी गेली. त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या.

"माझ्यामुळे का?" तिने उभ्याउभ्याच विचारलं.

"बस आधी."

"फादरना सांगा ना. कबुलीत सांगितलेलं बाहेर जात नाही."

"मला शिकवतेस? तू जन्मायच्या आधीपासून जातेय मी कबुलीला." त्यांनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "त्यांना भीत नाही मी. पण कबुली द्यायची म्हणजे केलेल्याचं वाईट वाटायला हवं. तसं म्हणावं लागतं तिथे, आणि खरं म्हणावं लागतं. मी खूप प्रयत्न केला. गुडघे टेकून बसले. नाही वाटत मला वाईट. मग तिथे जाऊन काय सांगू?"

"मग तुम्ही कायमच्या...?"

"बघू," त्या म्हणाल्या. "वय झालं की वाटेलही एखाद वेळी." आणि हसल्या, पण सुरी थांबली होती. त्यांनी मनगटाने डोळे पुसले. पन्नास-साठ वर्षं दर रविवारी ज्यासाठी चर्चमध्ये गेलो ते सोडून बसणं काय असतं, हे डेर्व्हलाला त्या वेळी नीटसं समजलंही नाही.

घरी जाताना तिने ठरवलं की आपणही आता पुढे जायचं नाही, त्यांच्या शेजारी बसून राहायचं. निदान एवढं तरी करायचं.

रविवारी घंटा वाजली. बाकाबाकावरून लोक उठू लागले. फिन्टन उठला, त्याने तिच्याकडे बघितलं. मागच्या बाकावर केक घेऊन आलेल्या बायका होत्या, समोर तिच्या मुलीसाठी मिस्सा करणारे फादर टायनन. ही उठली नाही तर का उठली नाही, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी ताडलं असतं, आणि मग मिसेस गेराटींच्या खोट्याचंही मातेरं झालं असतं. असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. तिला भीती वाटत होती, हेही खरं होतं.

ती उठली. मिसेस गेराटी त्याच बाकाच्या टोकाला होत्या, रांगेत जायला त्यांच्या समोरूनच वाट होती. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. डेर्व्हला जवळ आली तसे त्यांनी गुडघे आत घेतले आणि तिला वाट करून दिली.