गळकं झाकण

सासरे तिच्या कामाच्या जागी पहिल्यांदाच आले, ते रेडिएटरचं झाकण रुमालात गुंडाळून.

ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि त्यावरून ती कवळ्या आणि दातांवरच्या कॅप घडवायची. अठरा वर्षं तेच. खोलीत चार टेबलं, भिंतीला लागून फळ्यांवर प्लास्टरचे जबडे आणि सगळ्यावर बारीक पांढरी धूळ.

"बाबा, तुम्ही?" ती म्हणाली, पण उठली नाही. हातातल्या दाढेवर मेण चढवणं चाललं होतं.

"चालू दे तुझं." ते स्टुलावर बसले आणि त्यांनी रुमाल सोडला. पितळेचं मुठीएवढं झाकण, वर निकेलचा मुलामा, कडेला हिरवट चुन्याची पुटं. त्यांच्या वडिलांच्या वेळच्या गाडीचं. घरात त्या गाडीला सगळे म्हातारी म्हणत. "तीन गॅरेजवाल्यांना दाखवलं. एक म्हणतो, नवीन बसवा. या आट्यांचं नवीन झाकण आता कुठून आणू? दुसरा सिमेंटासारखं काहीतरी थापायला निघाला. तिसऱ्याने तर हातात पण घेतलं नाही."

"मग माझ्याकडे?"

"अगं, लोक तुझ्याकडूनच कॅप करून घेतात ना? ही पण कॅपच."

शेजारच्या टेबलावरच्या बाई खुदकन हसल्या. हे हसण्यासारखं होतं, एवढं तिला कळलं. "ठेवा तिथे," ती म्हणाली. नाही म्हणायला जास्त शब्द लागले असते.

सात महिन्यांपूर्वी तिचा नवरा ऑफिसचा जिना चढताना मध्येच खाली बसला आणि उठला नाही. नंतर जो तो तिला सांगायचा, रडून घे, मोकळी हो. पण तिला रडू येतच नव्हतं. दाबून ठेवलंय असंही नव्हतं. सकाळी उठायची, डबा भरायची, दात करायची, घरी यायची, सासऱ्यांना गोळ्या द्यायची. काम उलट सुधारलं होतं. तिने केलेला एकही दात डॉक्टरांकडून परत आला नव्हता.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर तिने झाकण व्हिनेगरमध्ये बुडवलं. तासाभराने चुना सुटला. आत आट्यांवर कापसाचा दोरा गुंडाळलेला होता आणि त्यावर पांढरी पेस्ट लिंपलेली. दोरा एका ठिकाणी पाच पदरी, दुसरीकडे एकच. असं घाईघाईने गुंडाळणारा माणूस त्या घरात एकच होता. दात खरवडायच्या हत्याराने तिने दोरा उचकटला. कडक झालेला, तुकड्यातुकड्याने निघाला. तिने तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग एकदा डब्यात वाकून पाहिलं. काही वाटतंय का, याची वाट पाहिली. काही वाटलं नाही. तिने ब्रशने आटे साफ केले.

आटे धड होते. वरचा मुलामा तिने नरम फेल्टच्या चाकावर जरासाच फिरवला. जास्त घासला असता तर खालचं पितळ उघडं पडलं असतं. मग रबर मिसळलेल्या बुचाच्या पातळ शीटमधून तिने वाटोळी चकती कापली आणि झाकणाच्या आत बसवली. अगदी चपखल बसली.

तरी शनिवारी सकाळी घराशेजारच्या शेडमध्ये गाडीला लावून पाहिलं, तर पाणी पाझरलंच. सासऱ्यांनी तोंड वाकडं केलं. ती घरात गेली आणि पर्समधून निळा कागद घेऊन आली. नवीन दात उंच लागतोय का, हे पाहायला रोग्याला तो चावायला देतात. जिथे दात टेकतो तिथे निळा डाग उमटतो. तिने कागद रेडिएटरच्या तोंडावर धरला, झाकण फिरवून घट्ट केलं, मग काढलं. चकतीवर निळं कडं उमटलं होतं, पण पुरं नाही. बोटभर जागा कोरी.

"झाकणाचा दोष नाही, बाबा. तोंडाचा आहे. इथे काठ दबलाय. कुणीतरी पान्याने उघडलंय."

"कुणीतरी म्हणजे तोच," सासरे म्हणाले. "धीर कुठे होता त्याला! मग काय, म्हातारीला कवळी बसवायची?"

"घासावं लागेल."

तिने सपाट दगडाने काठ घासायला घेतला. भुकटी आत पडू नये म्हणून तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. चार वेळा फिरवायचं, पुसायचं, निळा कागद लावायचा, बघायचं. सासरे शेजारी बादलीवर बसून होते. कोरी जागा हळूहळू आखडत गेली. दुपारच्या जेवणापर्यंत निळं कडं पुरं झालं.

रविवारी सकाळी त्यांनी पाणी भरलं, चकतीला ग्रीसचं बोट फिरवलं आणि हँडल मारून इंजिन सुरू केलं. म्हातारी खोकली, थरथरली, मग एका लयीत चालू लागली. वीस मिनिटांनी बाजूच्या जादा पाण्याच्या नळीतून वाफ यायला लागली. ती तिथूनच यायला हवी होती. झाकणाभोवती टिपूस नव्हता. तिने कोरडा कागद फिरवून पाहिला. कोरडाच आला.

"झालं," सासरे म्हणाले. "आता मास्तरांना बिनधास्त देता येईल. गळकी वस्तू कुणाच्या गळ्यात मारायची नव्हती मला."

"कोण मास्तर?"

"तंत्रशाळेचे. पोरांना शिकवायला नेतायत गाडी. अकराला येतील."

तिने इंजिन बंद केलं. "तुम्ही मला बोलला नाहीत."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बोललो होतो. तीनदा. एकदा तू डबा भरत होतीस, एकदा गोळ्या देताना, एकदा इथेच. दर वेळी 'बघा तुम्ही' म्हणालीस."

तिने आठवून पाहिलं. डबा आठवला, गोळ्यांची पाकिटं आठवली. त्यांचा आवाज काही आठवेना. ती गाडीच्या पायरीवर बसली. हाताला ग्रीस होतं, ते साडीला पुसलं गेलं.

"आणखी काय काय विचारलंत मला?"

"बरंच," ते म्हणाले. तेवढ्यात फाटकापाशी ट्रक थांबला.

मास्तर ठेंगणे, बडबडे होते. त्यांनी झाकण पाहिलं आणि म्हणाले, "वा! कुठल्या गॅरेजचं काम?" सासरे म्हणाले, "दातवाल्याकडचं." मास्तरांना वाटलं, म्हातारबुवा थट्टा करतायत.

"हाताने आवळा," ती त्यांना म्हणाली. "पाना लावू नका. गरम असताना उघडू नका. आणि चकती वर्षाने बदला." इतकी वाक्यं ती एका दमात बोलली होती, हे तिच्या नंतर लक्षात आलं. फळ्या टाकून गाडी ट्रकवर चढवली. सासरे मागे हात बांधून उभे होते. ट्रक वळला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

शेड रिकामी झाल्यावर मोठी वाटत होती. तिने बादली उलटी करून त्यांच्यासाठी ठेवली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"आता विचारा, बाबा. जे जे विचारलं होतंत ते. एकेक करून."

"आत्ता?"

"हो."

त्यांनी घसा साफ केला. "त्याचे शर्ट. कपाटात तसेच आहेत. द्यायचे का कुणाला?"

तिने विचार केला. कपाट डोळ्यांपुढे आलं, खुंटाळं, इस्त्रीच्या घड्या, बाहीवरचा शाईचा डाग. "चौकड्यांचे द्या," ती म्हणाली. "पांढरे राहू..." तिने उंबऱ्यावरची धूळ बोटाने सारली. "पांढरे राहू देत."

सासरे म्हणाले, "तुझ्या भावाचा फोन होता. म्हणत होता, तू त्यांच्याकडे राहायला..."

"ते आज नको."

"बरं," ते म्हणाले. "आज नको."