न विचारलेली मेख

मी एक जुनी लोखंडी मेख आहे. वीतभर लांब, डोक्याशी कडी अडकवण्यापुरतं भोक. हल्ली मी एका खिडकीत असते. पूर्वी डोंगराच्या कड्यात होते. मित्रांनो, एक सकाळ मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

एका लहानशा वर्कशॉपमध्ये मला दोघा भावंडांनी घडवलं. बहिणीने सांडशीत धरलं, भावाने ऐरणीवर ठोकलं.

"चिमणे, हलवू नकोस. बोट जाईल."

"हातोडा तुझ्या हातात आणि ओरडा मला! वा रे दादा!"

सुट्टीला दोघं गावाबाहेरच्या कड्यावर जात. तो चढायचा, ती खालून दोर धरायची. हिवाळ्यातल्या एका लख्ख सकाळी त्याने मला फटीत ठोकलं. मेख नीट बसू लागली की घावागणिक तिचा सूर चढतो. माझा इतका चढला की ती खालून ओरडली, "दादा, गाते रे ही!" मला केवढा अभिमान वाटला होता!

कड्यावर त्यांचा एक नियम होता. जुनी मेख दिसली की आधी हातोडीने वाजवायची. टणकन वाजली तर घट्ट, ठप्प वाजली तर सैल. मगच तिच्यात कडी अडकवून दोर घालायचा.

वर्षभरात फटीत पाणी मुरलं आणि फट रुंदावली. मला ते कळत होतं. पण सांगणार कुणाला?

पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा आला. ऊन तसंच छान पडलं होतं. वाटेतल्या सगळ्या मेखा त्याने वाजवल्या. माझ्यापाशी आला आणि ओळखीचं हसला.

"दादा, वाजव की!"

"अगं, ही काय परकी आहे? माझ्याच हातची आहे."

न वाजवताच माझ्यात कडी अडकवून, दोर घालून तो थोडा वर गेला आणि त्याचा पाय निसटला. त्याला मी धरायचं होतं. मी हलत्या दातासारखी निघून आले. खालच्या मेखेने त्याला धरलं, पण तोवर तो कातळावर आदळला होता. दोरावरून घसरत मी त्याच्याच कमरेपाशी येऊन थांबले. तिने त्याला हळूहळू खाली घेतलं. "आलास हं दादा, आलास," ती सारखी म्हणत होती. त्याने ओ दिली नाही.

तेव्हापासून मी तिच्या खिडकीत आहे. हिवाळ्यातलं ऊन आत आलं की ती मला चमच्याने हलकेच वाजवते आणि कान देऊन बसते. खिडकीच्या फळीवर मी काय बोलणार?

त्याची मुलगी तेव्हा रांगत होती. ती मोठी झाली, वर्कशॉप सांभाळू लागली, आणि कड्यावरही जाऊ लागली. या हिवाळ्यात ती म्हणाली, "आत्या, दोर तू धर. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन होत नाही." आत्याचे केस आता पांढरे झाले आहेत. तिने मला स्वेटरच्या खिशात टाकलं आणि निघाली.

तेच ऊन, तोच कडा. मुलगी मेखा वाजवत चढत होती. मग वाजवणं थांबलं.

"वाजव," आत्या म्हणाली.

"अगं, ही मीच ठोकलीय गेल्या वर्षी! माझ्या हातची आहे."

आत्याने दोर घट्ट धरला.

"म्हणूनच वाजव."

"तू पण ना!" मुलगी हसली. हातोडी पडली.

ठप्प.

मित्रांनो, तो आवाज मी आधी कधीच ऐकला नव्हता, तरी ओळखला. त्या सकाळी मला विचारलं असतं, तर मीही हेच बोलले असते.

मुलगी एकेक पाऊल टाकत उतरू लागली. आत्या दोर आवरत म्हणत राहिली, "आलीस हं, आलीस."

"आले गं आत्या," वरून उत्तर आलं.

आता मी पुन्हा खिडकीत आहे. मित्रांनो, ज्या वस्तूवर जीव सोपवता, ती कितीही ओळखीची असो, अगदी तुमच्या हातची असो, तिला एकदा विचारा. आम्ही खोटं बोलत नाही. पण विचारल्यावाचून आम्हाला बोलताही येत नाही.