डब्यावरचं अक्षर

कारखान्याचं स्टोअर माझ्या ताब्यात. झिजलेली चकती आणून दाखवल्याशिवाय नवी मिळणार नाही, हा माझा कायदा. माझ्या पाठीमागे लोक मला चिकटोबा म्हणायचे. म्हणेनात का! मोठ्या ग्राइंडरची सात इंची चकती झिजून पाचावर आली की ते ती फेकायचे आणि मी उचलून डब्यात ठेवायचो. भोक तेच, छोट्या ग्राइंडरवर चपखल बसते. मालकांनी या काटकसरीचं चारचौघांत कौतुक केलं, तेव्हा मी केवढा फुगलो होतो.

माझा धाकटा भाऊ तिथेच कामाला. पोलादी पट्ट्यांचा गंज काढायचा आणि कापलेल्या कडेला राहिलेले बारीक दाते घासून साफ करायचे, हे त्याचं काम. त्या सकाळी तो घासकागदाच्या पाकळ्यांची चकती मागायला आला. कडेसाठी तीच बरी, पट्टीला खड्डे पडत नाहीत, म्हणाला. मी म्हटलं, आठ दिवसांपूर्वीच तर नेलीस, खातोस का काय? त्याने समजावून सांगितलं की डब्यातल्या चकत्या मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या मशीनच्या आहेत. छोटं मशीन जास्त वेगाने फिरतं, तो वेग त्यांना सोसायचा नाही. शिवाय त्या बसवायला चकतीवरचं संरक्षक झाकण, गार्ड, काढावा लागतो. बरोबर बोलत होता गाढव! पण चार माणसं ऐकत होती आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मला शिकवू नकोस. डब्यातली घे."

त्याने घेतली. लहानपणापासून माझा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नाही.

अर्ध्या तासाने फटाक्यासारखा आवाज झाला. मी धावलो. चकतीचा तुकडा चष्मा फोडून उजव्या डोळ्यात घुसला होता, आणि तो जमिनीवर बसून, एक हात डोळ्यावर धरून, दुसऱ्या हाताने मशीनचं बटण चाचपत होता, बंद करायला.

डोळा गेला. संध्याकाळी मालकांनी मला बोलावलं. उद्या सरकारी तपासनीस येणार. चकती स्टोअरमधून दिली असं निघालं तर मी तुरुंगात जाणार आणि कारखान्याला टाळं लागणार. न विचारता भंगारातली उचलली, असं निघालं तर चूक त्याची एकट्याची. त्यांनी पांढरा रंग आणि ब्रश माझ्यापुढे सरकवला. मी चकत्यांच्या डब्यावर लिहिलं: 'भंगार. हात लावू नये.' माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं. हात जरासुद्धा थरथरला नाही, याचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तपासनीसाने डब्याचा फोटो काढला आणि दवाखान्यात येऊन भावासमोर धरला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा. हे लिहिलेलं होतं का, असं त्याने विचारलं. भावाने उरलेल्या डोळ्याने तो फोटो बराच वेळ पाहिला.

"होतं. मीच वाचलं नाही."

तपासनीसाने ते लिहून घेतलं, सही घेतली आणि तो गेला. थोरला दीर म्हणून मला मान देणारी भावजय माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवत होती. मी बसलो नाही. ती पाणी आणायला बाहेर गेली, तसा भाऊ माझ्याकडे न बघता हळूच बोलला.

"दादा, रंग तरी वाळू द्यायचास. अक्षराला ओघळ आलेत."