फास टाकायला शिकणाऱ्या बाई

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सोलफ्रीद माझ्या अंगणात आली आणि म्हणाली, "आजी, मला अजिबात येत नाही असं काहीतरी शिकव."

"अशा गोष्टी पुष्कळ आहेत," मी म्हटलं. "कॉफीसुद्धा तुला धड करता येत नाही."

सोलफ्रीद आमच्या गावच्या शाळेतली बाई. नॉर्वेच्या दक्षिणेकडची, पण आमचा उत्तरेचा हिवाळा पाहून पळाली नाही. ज्या मुलांना अक्षरं लागत नाहीत, जी एका जागी बसत नाहीत, ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यांना सगळ्यांच्या बरोबरीनं वर्गात कसं शिकवायचं, याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ती नोकरी सांभाळून करत होती. आमच्या शाळेत अशी नऊ मुलं होती. चार वर्षं त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून ती मुलं व्हरांड्यात बसून चित्रं रंगवायची. सोलफ्रीद पास झाली तर तिला कायम करायचं, असं मुख्याध्यापिकेनं ठरवलं होतं. त्यामुळे तिच्या अभ्यासाची काळजी तिच्यापेक्षा गावालाच जास्त.

"प्राध्यापकांनी नेमून दिलंय," ती म्हणाली. "जो शिक्षक नाही अशा माणसाकडून सहा आठवडे काहीतरी नवं शिकायचं. आपल्याला काय काय वाटतं ते रोज वहीत लिहायचं. शेवटी ते स्वतः बघायला येणार. मधेच सोडलं तर सहामाही वाया."

"फास टाकायला शिकव की तिला," इस्सात म्हणाला. इस्सात माझा चुलतभाऊ. त्याच्या घरीही कॉफी असते, पण तो रोज माझीच पितो.

माझ्या खोपटामागे लाकडाच्या घोडीवर रेनडियरची शिंगं ठोकलेली आहेत. बारा पावलांवर उभं राहायचं, दोराची वेटोळी हातात घ्यायची आणि फास असा सोडायचा की तो शिंगांवर जाऊन बसला पाहिजे. मी पाच वर्षांची असल्यापासून टाकते आहे. आता त्र्याहत्तर चालू आहे.

आमच्याकडे शिकवायची पद्धत सोपी. मोठ्या माणसानं करायचं, शिकणाऱ्यानं बघायचं, मग त्यानं करायचं आणि मोठ्या माणसानं कॉफी प्यायची. चूक दाखवणं बरं दिसत नाही. सोलफ्रीद रोज शाळा सुटल्यावर यायची, पण तिला हे काही पचेना.

"आता माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"मग बसला का नाही?"

"लांब पडला म्हणून."

हे तिनं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं चित्रांचे पत्ते करून आणले: दोर धरणारी बाई, हात उचलणारी बाई, दोर सोडणारी बाई. ते तिनं कुंपणावर ओळीनं टाचले. इस्सातनं ते नीट पाहिले आणि म्हणाला, "चौथं चित्र राहिलं. दोर शोधणारी बाई."

तिसऱ्या आठवड्यातही फास शिंगांच्या आसपास फिरकला नाही. आता लोक मला दुकानात विचारू लागले, "काय राव्दना, तुझी विद्यार्थिनी काय म्हणतेय?" मला ते झोंबलं. आमची पद्धत मी गुंडाळून ठेवली आणि ओरडायला लागले.

"बघ ना! डोळे आहेत ना? असं! असं! किती सोपं आहे!"

मी ओरडले की तिचा दोर आणखी जवळ पडायचा. एकदा तर तो तिच्याच बुटांवर पडला.

चौथ्या आठवड्यात तिचं पोट दुखायला लागलं. पोटदुखी थांबली तेव्हा हातमोजा हरवला. हातमोजा सापडला तेव्हा ती म्हणाली, "आजी, तुझी लाकडं नीट रचलेली नाहीत. मी रचून देऊ का?" आणि तासभर लाकडंच रचत बसली.

ती गेल्यावर मी त्या लाकडांवर जाऊन बसले. लाकडं आधीच नीट रचलेली होती. सातव्या वर्षी मला वसतिगृहाच्या शाळेत घातलं होतं. शिकवणं सगळं नॉर्वेजियनमधून, आमच्या घरच्या भाषेत नाही, आणि मला त्यातले दोनच शब्द येत होते. मास्तर फळ्यावर छडी आपटून म्हणायचे, "बघ! किती सोपं आहे!" सोमवार ते शुक्रवार माझं पोट दुखायचं, आणि पोट बरं असलं की मोजे हरवायचे. अक्षरं मला सत्तेचाळिसाव्या वर्षी लागली, तीही संध्याकाळच्या वर्गात. म्हणजे ही सगळी नाटकं माझीच होती, आणि माझ्या समोर होत असून चार दिवस मला ओळखू आली नव्हती. मास्तरांचं वाक्य मात्र माझ्या तोंडात अगदी फिट्ट बसलं होतं.

त्या शनिवारी सोलफ्रीद आलीच नाही. मी पायानं रेटायची घसरगाडी काढली आणि तिच्या दारात गेले. ती स्वयंपाकघरात कॉम्प्युटरसमोर बसली होती.

"प्राध्यापकांना पत्र लिहिलंय," ती म्हणाली. "सोडते म्हणून."

"पाठवलंस?"

"संध्याकाळी पाठवेन."

"सहामाही जाईल. नोकरीही."

"जाऊ दे. महिनाभरात मला एकच गोष्ट कळली. मी ढ आहे."

"ढ तू नाहीस," मी म्हटलं. "मी ओरडते, ते चुकतंय." हे म्हणायला मला तिच्याकडची पूर्ण कपभर वाईट कॉफी प्यावी लागली. मग मी विचारलं, "नेमकं कुठे अडतं तुझं?"

तिनं कॉम्प्युटर बाजूला सारला. "तू 'असं' म्हणतेस ना, तेव्हा ते होऊन गेलेलं असतं. काय झालं ते मला दिसतच नाही."

"एवढंच ना? सावकाश करून दाखवते. चल."

इस्सात माझ्या अंगणात हजर होताच. मी बारा पावलांवर उभी राहिले, हात सावकाश उचलला, सावकाश फिरवला आणि फास सोडला. तो शिंगांच्या अलीकडे पडला.

"वारा आहे," मी म्हटलं.

वारा नव्हता. दुसरा फास पलीकडे पडला. तिसरा इस्सातच्या कपावर बसला आणि कॉफी त्याच्या मांडीवर सांडली.

"राव्दना," तो उठत म्हणाला, "तो रेनडियर लाकडाचा आहे गं. पळत नाहीये."

माझे कान तापले. अडुसष्ट वर्षांत असं झालं नव्हतं. मी सोलफ्रीदकडे पाहिलं. ती ओठ दाबून उभी होती. मग तिला ते दाबणं जमेना आणि ती बर्फातच बसली. "आजी," हसता हसता ती कशीबशी म्हणाली, "किती सोपं आहे!"

मला राग यायला हवा होता, पण मीही तिच्याशेजारी बसले. आम्ही दोघी इतक्या हसलो की कुत्री भुंकायला लागली.

मग ती उठली, पुन्हा शाळेतली बाई झाली. "आता सावकाश नको. विचारही नको. तुझ्या नेहमीच्या वेगानं तीस वेळा टाक. मी फक्त हात बघते." एक काम बारक्या बारक्या तुकड्यांत कसं पाहायचं, हे तिला अभ्यासक्रमात शिकवलं होतं, आणि तिथे ती खरंच हुशार होती. ती बर्फात पालथी पडली आणि माझ्या मनगटाकडे डोळे लावून राहिली. सव्विसाव्या वेळी ओरडली, "अंगठा!"

"काय झालं अंगठ्याला?"

"तू तो आधी सोडतेस. दोर जायच्याही आधी. मी शेवटपर्यंत मुठीत आवळून धरते."

मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हा बेटा काय करत होता, याचा मला पत्ताच नव्हता.

तिनं दोर घेतला. आठ वेळा हुकला. नवव्या वेळी फास डाव्या शिंगाच्या टोकाला लटकला. नीट बसला नाही, नुसता लटकला. तरी तिनं अशी आरोळी ठोकली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. त्या संध्याकाळी पत्र गेलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला प्राध्यापक आले. हाल्वर नाव, बूट अगदी पातळ. सोलफ्रीदनं दहा फास टाकले, दोन बसले. त्यांनी ते मोजलेही नाहीत. मला विचारलं, "आजी, तिला कशाची मदत झाली?"

"तिलाच विचार. मला फास कसा टाकता येतो, हेसुद्धा तिलाच ठाऊक आहे."

"आणि राव्दनाला आता तो येतही नाही," इस्सात म्हणाला.

खोटं नव्हतं. अंगठ्याचं कळल्यापासून मी त्याचाच विचार करायची, आणि दर दुसरा फास हुकायचा. हाल्वरना ते बघायचं होतं. मी दाखवलं. त्यांना फार आवडलं.

मग त्यांनी तासभर वही वाचली आणि वाचता वाचता माझं वाळवलेलं मांस संपवलं. एका पानाशी थांबून मोठ्यानं वाचलं, "'चौथा आठवडा. माझं पोट दुखत नव्हतं.' हे काय?"

सोलफ्रीद लाल झाली. "माझ्या वर्गात एक मुलगी आहे. गणिताच्या तासाला तिचं पोट दुखतं. मी दरवेळी तिला नर्सकडे पाठवायचे. गेले दोन आठवडे मी तिच्याशेजारी बसून विचारते, कुठे अडलं म्हणून."

"आणि पोट?"

"मंगळवारी दुखलं नाही."

हाल्वरनी वही मिटली आणि मांस आणखी आहे का विचारलं. पास झाल्याचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. मुख्याध्यापिकेनं ते दुकानाच्या दारावर चिकटवलं, म्हणजे गावाला वेगळं सांगायला नको.

एप्रिलअखेरीस रेनडियरचे कळप किनाऱ्याकडे निघण्याआधी आम्ही कुंपणाच्या आवारात कुणाची कोणती ते पाहून जनावरं वेगळी करत होतो. सोलफ्रीद कुंपणाला टेकून उभी होती. रेनडियरच्या माद्यांनाही शिंगं असतात; त्या गोल गोल धावत होत्या. मी दोनदा फास टाकला, दोन्हीदा हुकला.

"घरी जा आणि कॉफी कर, राव्दना!" इस्सात आतून ओरडला.

मी सोलफ्रीदकडे वळले. "अगं बाई, बघत काय उभी राहिलीस? अंगठ्याचं काय बिनसलंय?"

"अंगठा गेला खड्ड्यात!" ती ओरडली. "ती पळतेय बघ, तिच्याकडे बघ!"

मी बघितलं. दोर हातातून कधी गेला ते मला कळलं नाही, फक्त हिसका बसला आणि मी गुडघ्यांवर आले. मादी थांबली होती, फास दोन्ही शिंगांत घट्ट बसला होता. इस्सात जवळ आला, वाकून तिच्या कानावरची मालकाची खूण पाहिली आणि म्हणाला, "ही माझी आहे."

असेल त्याची. पण फास बसला.