मुंजाजीच्या दारात मोटार

नेकनूरच्या विठ्ठलरावांची मोटार सुरू व्हायला कधी नखरा करत नव्हती. तिचा सगळा नखरा थांबण्यात होता.

मोटार त्यांनी हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून जुनी घेतली होती. ब्रेक तेलाच्या दाबावरचे. पायडल दाबलं की तेल तांब्याच्या नळीतून पुढं सरकायचं आणि चाकातला ब्रेक आवळायचं. चाक वळतं, उसळतं, म्हणून चाकाजवळ तेवढी नळी रबराची. हे ड्रायव्हर गहिनीनाथला माहीत होतं. पण तेल कोणतं घालायचं ते मालकांनी ठरवलं. "तेल ते तेल, बे," असं म्हणून विठ्ठलरावांनी एकदा इंजिनाचंच तेल ब्रेकच्या डब्यात ओतायला लावलं. रबरी नळ्या भिजत घातलेल्या हरभऱ्यासारख्या फुगल्या आणि एक दिवस फुटल्या.

तो दिवस नेमका छबुबाईच्या वाट्याला आला. छबुबाई ही गहिनीनाथची बायको, माहेर वडवणीचं. मालक खुशीत होते, म्हणाले, "बायकोला माहेरी मोटारीतून सोड." तिचा भाऊ मुंजाजी ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा राहिला. मोटार आली. छबुबाईनं पदर सावरला, हात वर केला, आणि मोटार तशीच पुढं गेली. बाजारातून गेली, रताळ्यांच्या ढिगातून गेली, वेशीबाहेर पडली आणि पलीकडच्या ज्वारीत शिरून दमली. मुंजाजी हातात तुकडा धरून तिथंच उभा होता.

नंतर भेटला तेव्हा तो म्हणाला, "छबे, नवरा मोटार चालवतो म्हनं तुजा. थांबवायला कोन ठिवलाय?"

छबुबाईच्या काळजाला ते लागलं. "जाईन तर मोटारीतूनच जाईन," ती घरी येऊन म्हणाली, "आन त्येच्या दारातच उतरीन." त्या वर्षीची पंचमी तिनं नेकनूरलाच काढली. पुढचीही.

तेवढ्या काळात मोटारीला आप्पा मिळाले. आप्पा विठ्ठलरावांचे जुने गडी. हातब्रेक ओढला तर नुसता जळका वास यायचा, म्हणून आप्पा बाहेरच्या पायरीवर उटी घेऊन उभे राहायचे. उटी म्हणजे चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा. गहिनीनाथ गाडी हळू करून ओरडायचा, "आप्पा, उटी!" की आप्पा उडी मारून ती चाकापुढं टाकायचे. यात त्यांच्या मिशा फार वाढल्या. "मोटार मी चालवतो," ते लोकांना सांगायचे, "गहिन्या नुसता चाक फिरवतो."

एकदा उटी निसटली आणि मोटार मालकांच्याच गोठ्यात घुसली. म्हैस वाचली, गव्हाण गेली. विठ्ठलराव म्हणाले, "गहिन्या, येत्या बाजारापस्तोर ही बया थांबाया शिकली तर ठिवतो. न्हाईतर इंजिन काढून पिठाच्या गिरणीला लावतो. गिरणी जागची हालत न्हाई, मंग थांबायचा सवालच न्हाई. तू बस दळत."

छबुबाईनं ते ऐकलं. "गिरणीत बसून म्हायेरी कसं जायचं वो?" ती म्हणाली, आणि भाकरी थापता थापता तिला हसू फुटलं. मग डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसू. ती तशीच होती.

हैदराबादहून नव्या रबरी नळ्या मागवल्या, ब्रेकच्या आत तेल अडवणाऱ्या रबरी वाट्याही. पण माल निघाला नव्या चालीचा. जुन्या तांब्याच्या नळीवरचे आटे जाड, नव्या नळीचे बारीक. एकाचं तोंड बैलाच्या नाकाएवढं, दुसऱ्याचं शेळीच्या. गहिनीनाथनं दिवसभर फिरवून पाहिलं. शेवटी बीडच्या जिनिंगमधल्या मिस्त्रीकडं दोन्ही तोंडं घेऊन गेला. मिस्त्रीनं पितळेचे जोड कातून दिले, एका अंगाला जुने आटे, दुसऱ्या अंगाला नवे. शिवाय सांगितलं, "इसमें एरंडी का तेल डालो, और कडक दारू. दूसरा कुछ डाला तो मेरे पास मत आना."

एरंडेल छबुबाईनं काढलं. एरंड्या भाजल्या, कुटल्या, पाण्यात उकळल्या, वर आलेलं तेल पळीनं अलगद काढलं, मग पाण्याचा थेंब राहू नये म्हणून पुन्हा कढवलं. विठ्ठलराव बघायला आले.

"माझ्या मोटारीत जुलाबाचं औषध? घरात साजूक तूप काय कमी हाय का?"

"तूप थंडीत गोठंल, मालक," गहिनीनाथ म्हणाला.

"मंग गरम करून घाल."

"मोटार चुलीवर ठिवू का?" छबुबाई आतून म्हणाली. मालक हसू दाबत निघून गेले.

दारू आणायचं काम आप्पांनी मागून घेतलं. गहिनीनाथनं पहिल्या बाटलीतली थोडी वाटीत ओतून काडी लावली. काडीच विझली.

"नुस्तं पानी हाय. फेकून द्या."

"फेकतो की," आप्पा म्हणाले आणि बाटली घेऊन गोठ्यामागं गेले. दुसऱ्या बाटलीतल्या दारूनं निळा जाळ धरला. तिचं आणि एरंडेलाचं मिश्रण झालं.

मग गहिनीनाथ मोटारीखाली शिरला. तांब्याच्या नळीला पितळी जोड, मध्ये तांब्याची चकती, पुढं नवी नळी. एका पान्यानं जोड धरायचा, दुसऱ्यानं आवळायचा, म्हणजे नळीला पीळ पडत नाही. पुढची चाकं पार डावीकडं, पार उजवीकडं वळवून त्यानं नळी कुठं घासत नाही ना ते बघितलं. आता तेल भरून आतली हवा काढायची. हवा राहिली तर पायडल उशीसारखं दबतं आणि मोटार चालतच राहते. या कामाला दोन माणसं लागतात, एक खाली नळीशी, एक वर पायडलवर. आप्पा गोठ्यामागं झोपले होते. म्हणून छबुबाई ड्रायव्हरच्या जागी बसली.

सगळी गल्ली गोळा झाली.

"दाब!" गहिनीनाथ खालून ओरडायचा.

"दाबलं!"

"धर!"

"धरलंय वो, किती येळ धरू?"

चाकाजवळून बुडबुडे फुरफुरत यायचे, तो नळी बंद करायचा. "सोड!"

शेजारच्या वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बया बया, छबे, नवऱ्याला पार पायाखाली घातलंस की!"

"म्या कुटं? त्येच म्हन्त्यात, आजून दाब!"

गल्ली हसली, गहिनीनाथ खाली हसला, आणि हसताना त्याच्या तोंडात एरंडेलाचा थेंब पडला, तर छबुबाई आणखी हसली. पायाखालच्या फळ्या काढलेल्या होत्या. त्याला खालून तिचा तेवढा पाय दिसत होता, टाचेला भेगा, बोटात जोडवी, पायडलवर घट्ट रोवलेला. पुढं बऱ्याच वर्षांनी ती गेली, तेव्हा तिचा चेहरा आठवायला त्याला कधीकधी डोळे मिटावे लागायचे. तो पाय मात्र उघड्या डोळ्यांनीही दिसायचा.

"आवो," ती वरून म्हणाली, "आता दबंना. दगडावानी झालंय."

"झालं मग," तो म्हणाला.

बाजाराच्या दिवशी सकाळी गल्लीतल्या सपाटीवर मोटार नीट थांबली. "सपाटीवर म्हातारीची बकरी पन थांबती," विठ्ठलराव म्हणाले. "वडवनीचा उतार हाय. तितं थांबव, मंग मानतो." उटी घेऊन आप्पांना पायरीवर चढवलं. छबुबाई नवं लुगडं नेसून पुढं बसली.

आप्पा आज पायरीवर वाकूनच उभे होते. ब्रेकमध्ये भरून तांब्यात उरलेलं मिश्रण काल रात्री कुठं गेलं हे छबुबाईला वाटेत कळायला लागलं. आधी आप्पांच्या कपाळावर घाम आला. मग मिशा खाली आल्या. वडवणीच्या अलीकडं चढावर मोटार धापा टाकत होती, तेवढ्यात आप्पा ओरडले, "थांबव! न्हाई, ऱ्हाऊ दे!" आणि चालत्या मोटारीतून उडी मारून तुरीत शिरले.

"आप्पा, उटी!" गहिनीनाथ ओरडला.

तुरीतून आवाज आला, "उटीचं काय घिऊन बसलास बे! व्हा फुडं!"

"दारूची चव बघितली असंल," छबुबाई म्हणाली, "एरंडेलाची आता कळंल." हसून हसून तिला उचकी लागली. गहिनीनाथला मात्र हसू येईना. चढ संपला होता. खाली वडवणी, बाजार, आणि मुंजाजीचं दार. उटी तुरीत राहिली होती.

वडवणीनं मोटार लांबूनच ओळखली. "आली! आली!" कुणी कोंबड्या उचलल्या, कुणी मडकी आत घेतली, रताळीवाल्यानं टोपली डोक्यावर घेऊन भिंतीकडं तोंड केलं. घडीभरात रस्ता सारवल्यासारखा मोकळा झाला. मुंजाजी तुकडा आणि तांब्या घेऊनच होता, पण या वेळी उंच ओट्यावर चढून.

मोटार उतारानं सुटली.

"दाबा!" छबुबाई म्हणाली. काल तो तिला सांगत होता, आज ती त्याला.

त्यानं दाबलं.

"धरा!"

पाय दगडावर ठेवल्यासारखा रुतला. चारी चाकांनी रस्ता धरला, धूळ पुढं गेली, मोटार मागं राहिली. ओट्याच्या बरोबर समोर ती एकदा नाक खाली घालून उभी राहिली. इंजिन बंद पडलं. छबुबाईची उचकीही थांबली.

रताळीवाल्यानं भिंतीकडून हळूच मान वळवली.

"आदी उटी लावा," मुंजाजी ओट्यावरून म्हणाला.

"उटी न्हाई."

"मंग कशानं थांबली?"

"एरंडेलानं, दादा!" छबुबाई ओरडली.

बाजार खदखदला. मुंजाजी खाली उतरला, एक बोट मोटारीला लावून मागं झाला. मोटार जागची हलली नाही. त्यानं तुकडा ओवाळायला हात उचलला, तेवढ्यात त्याची बायको केशरबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. "थांबली? कवा? मला कावून न्हाई हाक मारली? म्या बघितलंच न्हाई!"

छबुबाईचा एक पाय खाली टेकायला आला होता. तो तिनं वर घेतला.

"चला वो, मागं."

"अगं, कुटं?"

"पार उताराच्या वर. वैनीनं बघितलं न्हाई."

मोटार वर गेली, खाली आली, थांबली. केशरबाईनं पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. मग मुंजाजी म्हणाला, मला आतून बघायचंय. तो तुकडा हातात धरूनच मागं बसला. तिसऱ्यांदा थांबताना त्याचं नाक पुढच्या बैठकीच्या पाठीवर आपटलं आणि तो आनंदानं ओरडला, "थांबती! आईच्यान थांबती!" रताळीवाला म्हणाला, आता माझी पाळी.

तेवढ्यात उतारावरून आप्पा आले. पोट हातानं धरलेलं, उटी खांद्यावर. ते थेट मोटारीकडं आले. उभ्या मोटारीपुढं वाकले, चाकाला उटी नीट बसवली आणि कंबर सरळ केली.

"आता उतर, छबे," ते म्हणाले. "थांबली."

मुंजाजीनं खाली उतरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि छबुबाई भावाच्या दारात उतरली.